कडी, नाडी आणि दांडा

भोपाळचा इतिहास कुणी सांगायला बसलं की सुरुवात पाण्यापासूनच होते. अकराव्या शतकात परमार राजा भोजानं मोठा तलाव बांधला. १७९४ मध्ये नवाबांचे मंत्री छोटे खान यांनी त्याच्या शेजारी छोटा तलाव केला. एकोणिसाव्या शतकात कुदसिया बेगमनं शहरातल्या लोकांसाठी पाणीपुरवठ्याची सोय उभी केली. हे सगळं पुस्तकांत सापडतं. पण तलावातलं पाणी घरापर्यंत आणि घरातलं पाणी प्रवासात कशातून नेलं, ते हातात कसं धरलं, हे मात्र कुणी लिहीत नाही. राजे-बेगमांनी पाणी साठवलं, ते उचललं दुसऱ्याच हातांनी. त्या हातांना जी वस्तू लागली, तिचा हा थोडा इतिहास.

ती वस्तू म्हणजे मूठ. आपल्या भाषेत तिला किती नावं आहेत बघा. कढईला कान, बादलीला कडी, किटलीला दांडी, पिशवीला बंद, जात्याला खुंटा, सुरीला मूठ. भांडं बदललं की नाव बदलतं, कारण हात दर वेळी वेगळ्या रीतीनं धरतो. स्वयंपाकघरातल्या बाईला हा फरक शिकवावा लागत नाही. कान तापले की फडकं लागतं आणि बंद बारीक असला की बोटांवर वळ उठतो, हे तिच्या हाताला ठाऊकच असतं.

आता कामाचं बोलू. आपल्या घरांमधून प्रवासाला निघायचं म्हणजे आधी पाण्याचा विचार. गाळून उकळलेलं पाणी, तेही वेळेची मर्यादा सांभाळून, शिवाय सूर्यास्ताआधी पिऊन व्हायला हवं. बाहेरचं पाणी चालत नसलेली निदान एक तरी व्यक्ती प्रत्येक कुटुंबात असतेच. त्यामुळे चार जणांच्या प्रवासाला चार-पाच बाटल्या होतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणजे पाच बाटल्यांचे पाच किलो, बाटल्यांचं आणि पिशवीचं वेगळं. हे ओझं उचलायला मजबूत मूठ हवी. पण गाडीत बसल्यावर तीच मूठ अडचण होते. पिशवी सीटखाली सरकवताना अडकते, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय तिच्यात गुंततो. म्हणून मनात येतं की बाटल्यांसाठी अशी एखादी पेटीवजा पिशवी असावी, जिची मूठ उचलताना बाहेर येईल आणि ठेवल्यावर आत जाईल. ही कल्पना अगदी आजची वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे मोठी परंपरा आहे.

पाणी घेऊन चालण्याची आपल्याला सर्वांत परिचित असलेली वस्तू म्हणजे मुनिमहाराजांचा कमंडलू. लाकडाचा किंवा नारळाच्या कवटीचा, वर धरायला मूठ, भरायला मोठं तोंड आणि ओतायला बारीक तोटी. त्यातलं उकळलेलं पाणी शुद्धीसाठी असतं, पिण्यासाठी नव्हे. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार-पाणी घेतात. कमंडलूची मूठ कायमची बसवलेली असते, ती मिटत नाही. मिटायची गरजच काय? पिंछी, कमंडलू आणि शास्त्र, एवढाच परिग्रह. शेजारी दुसरं सामान नसेल तर मूठ कशाला अडकणार? मिटणारी मूठ ही संसारी माणसाची गरज आहे. सामान वाढलं तेव्हा ती आली.

संसारी माणसानं मूठ मिटवण्याचे तीन मार्ग काढले. पहिला कडीचा. आपल्या आज्या यात्रेला निघताना फिरकीचा तांब्या घेत. पितळेचा, आतून कल्हई केलेला, आट्याचं घट्ट झाकण आणि वर कडी. उचलला की कडी उभी राहते, खाली ठेवला की तांब्याच्या खांद्यावर पडते. ना खटका, ना स्प्रिंग. दोन कानांतून ओवलेली एक वाकवलेली सळई, बस्स. तांबटांनी हे काम इतकं नेमकं केलं होतं की पन्नास वर्षं वापरूनही कडी निखळत नसे. तांब्या हेलकावला तरी कडी आपोआप सरळ राहते, कारण वजन नेहमी तिच्या बरोबर खाली येतं. पाणी वाहणाऱ्या कोणत्याही वस्तूला हाच नियम लागू आहे: मूठ वजनाच्या मधोमध हवी, नाहीतर मनगट पिरगळतं.

तांब्या सोबत नेण्यामागे निव्वळ तहान नव्हती, हेही स्पष्ट सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनवर हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं असे. भिस्ती कातड्याच्या पखालीतून पाणी घाली, ते आपल्या घरांत चालत नसे. कॅनव्हासची छागळ चाले. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं सुकतं आणि आतलं पाणी गार होतं, म्हणून ती गाडीच्या खिडकीबाहेर दोरीनं टांगत. आपल्या तांब्यात अहिंसेचा विवेक होता, तसा सोवळ्याचा ताठाही होता. दोन्ही एकाच कडीनं उचलले गेले. इतिहास सांगताना एकच सांगून भागत नाही.

दुसरा मार्ग नाडीचा, आणि त्याचं उत्तम उदाहरण आमच्या भोपाळचंच आहे. भोपाळी बटवा तुम्ही पाहिला असेल. मखमलीचा, जरीच्या किंवा मण्यांच्या कामाचा. पान, सुपारी, वेलची ठेवण्यासाठी बेगमांच्या काळात तो घरोघरी होता आणि आजही चौक बाजारात मिळतो. लग्नात भेट म्हणून आपण तो देतो, पण त्याच्या रचनेकडे लक्ष जात नाही. बटव्याच्या तोंडाला चुण्या असतात आणि त्यातून दोन दोऱ्या ओवलेल्या असतात. दोन्ही दोऱ्या विरुद्ध दिशांना ओढल्या की तोंड मिटतं, आणि जी दोरी बाहेर आली तीच मूठ होते. तोंड उघडलं की दोरी परत चुण्यांत शिरते. झाकण आणि मूठ असं दोन्हींचं काम एकाच दोरीवर! शिवाय बटव्यात जितकं वजन जास्त, तितकं तोंड अधिक घट्ट मिटतं. हे कोणत्या कारखान्यात ठरलं नाही. बटवा शिवणाऱ्या बायका आणि वापरणाऱ्या बायका एकाच गल्लीतल्या होत्या. एकीच्या हातात काय अडलं ते दुसरीच्या सुईपर्यंत लगेच पोहोचत असणार.

तिसरा मार्ग दांड्याचा, आणि तो फार अलीकडचा. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो या माणसाला १९७२ मध्ये चाकांच्या सुटकेसचं पेटंट मिळालं. पण ती सुटकेस आडवी होती आणि पट्ट्यानं ओढायची, त्यामुळे वळणावर कलंडायची. १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लॅथ यांनी उभी बॅग केली, तिला दोन चाकं लावली आणि आत सरकणारा लांब दांडा दिला. हे प्लॅथ व्यवसायानं विमानाचे पायलट होते. स्वतःची बॅग स्वतः ओढत विमानतळावरून रोज चालणारा माणूस. त्यांची बॅग आधी वैमानिकांनी आणि हवाई सुंदरींनी वापरली, त्यांच्या हातात पाहून प्रवाशांनी मागितली. बटव्याची आणि या बॅगेची जात एकच आहे: दोन्ही गोष्टी उचलणाऱ्याच्या हातातून आल्या.

मग आपली पाण्याची बाटली कुठे चुकली? १९६५ मध्ये बिसलेरीचं पाणी काचेच्या बाटलीतून मुंबईत विकायला आलं आणि १९६९ मध्ये ती कंपनी पार्लेनं घेतली. पुढे प्लास्टिकची बाटली आली आणि गावोगाव पोहोचली. बाटली हलकी, फुटत नाही, स्वस्त. पण तिला कडी नाही, कान नाही, बंद नाही. ती एकट्या माणसाच्या एका घोटासाठी केलेली वस्तू आहे. कुटुंबाचं पाणी नेणारी बाई ती करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नव्हती. तांब्या गेला तशी पाण्याची मूठच गेली. ती भरून काढायला आपण कापडी पिशव्या शोधल्या, आणि त्यांचे बारीक बंद बोटांत रुतू लागले.

वस्तू करणाऱ्यानं कोणते प्रश्न विचारावेत याचा एक नमुना आपल्या देशाविषयीच लिहिला गेला आहे. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत आवडला तो साधा लोटा. असा लोटा आज नव्यानं करायचा तर काय काय विचारावं लागेल, याची त्यांनी यादीच केली: पाणी किती न्यायचं, डोक्यावर, कमरेवर की हातात, भरल्यावर तोल कसा राहतो, ओततानाचा तोल कसा, उचलणारे हात केवढे, किती ताकदीचे, बाईचे की पुरुषाचे. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अशीच एक संस्था २०१९ पासून आमच्या भोपाळातही सुरू झाली आहे. लोट्याचे ते प्रश्न असे फिरत फिरत तलावांच्या शहरात आले, ही मला मोठी आनंदाची गोष्ट वाटते.

कारण याच शहरात ते प्रश्न सर्वांत जास्त बोचतात. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्रीचा वायू आपण विसरत नाही. पण युनियन कार्बाइडच्या आवारातला विषारी कचरा जमिनीत मुरला आणि आसपासच्या वस्त्यांचं भूजल दूषित झालं, ही गोष्ट तितकी बोलली जात नाही. तिथले हातपंप लाल रंग देऊन पिण्यास अयोग्य ठरवले गेले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या आमच्या गावच्या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तरीही २००६ मध्ये वायुपीडितांना भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी चालत जावं लागलं, आणि त्यांच्या मागण्यांत स्वच्छ पाणी होतं. टँकरची वाट पाहायची, प्लास्टिकची कुप्पी भरायची आणि घरी न्यायची, हा तिथल्या बायकांचा वर्षानुवर्षांचा दिनक्रम. वीस लिटरची कुप्पी म्हणजे वीस किलो. तिची साच्यातून निघालेली कडक, अरुंद मूठ ज्या हातात रुतते, त्याच हाताला आधी वायूनं अशक्त केलेलं आहे. मूठ नीट करा म्हणजे झालं, असं मी म्हणत नाही. खरं उत्तर घरात येणारा स्वच्छ पाण्याचा नळ हेच. पण नळ येईपर्यंत वाहणाऱ्या हाताचा विचार कुणीतरी करायला हवा की नाही? दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये पेटी पेत्झर आणि योहान यॉन्कर यांनी नव्वद लिटरचं गोल पिंप केलं. ते डोक्यावर घ्यायचं नाही, लोखंडी दांडा लावून जमिनीवरून लोटत न्यायचं. नव्वद किलो पाणी डोक्यावरून उतरलं ते एका दांड्यामुळे.

आपल्या बाटल्यांच्या पिशवीकडे परत येऊ. हा सगळा इतिहास वाचला की ती कशी असावी हे जवळजवळ ठरूनच जातं. तळ जाड आणि सपाट, म्हणजे ती उभी राहील. आत कापडी खण, म्हणजे बाटल्या एकमेकींवर आपटणार नाहीत आणि एक काढली तरी बाकीच्या कलंडणार नाहीत. सरकणारा धातूचा दांडा मी घेणार नाही. पाण्याच्या सोबतीनं तो गंजतो, सांध्यात वाळू बसते आणि ऐन स्टेशनवर अडतो. चाकं जिन्यावर निरुपयोगी. मुक्तागिरीला बावन्न मंदिरांचं दर्शन घेत डोंगर चढायचा तर पाणी हातातच घ्यावं लागतं. म्हणून बटव्याची युक्ती घ्यावी. पलंगाला लावतात तशी रुंद नवार तळाखालून फिरवून दोन्ही बाजूंच्या नेफ्यांतून वर आणावी. वर ओढली की मूठ, सोडली की नेफ्यात परत. वजन नवारीवर येतं, शिवणीवर नाही, म्हणून उसवायची भीती कमी. जिथे बोटं येतात तिथे नवारीत कापडाची जाड गुंडाळी शिवावी, पोळपाटावरच्या लाटण्याच्या मुठीएवढी, आणि चारही बोटं मोकळी मावतील इतकी लांब.

एवढं काम आपल्यापैकी कुणालाही घरच्या शिलाई मशीनवर जमेल. शिवून झाली की ती रिकामी उचलून पाहू नका. पाचही बाटल्या भरा, दोन जिने चढा, मग हात उघडून बघा. तळव्यावर वळ उठला असेल तर गुंडाळी आणखी जाड करा. आणि ही परीक्षा घरातल्या सर्वांत अशक्त हातानं घ्यावी, कारण प्रवासात शेवटी पाण्याची पिशवी बहुतेक तिच्याच वाट्याला येते.