उतर, साखर आणि सही : सोयरीक ठरण्याची गोष्ट

लग्न ठरलं हे सांगायला आमच्या गोव्यात किती शब्द आहेत पाहा. कुणी म्हणतं 'सोयरीक जुळली', कुणी 'उतर दिलं', कुणी 'साखरपुडा झाला', कुणी 'मुदी घातली'. आणि घरातलं तरुण पोर एका वाक्यात उरकतं, 'सही केली!' या प्रत्येक शब्दामागे एकेक काळ उभा आहे. लग्नाच्या इतिहासावर पुष्कळ लिहिलं जातं, पण लग्न ठरण्याच्या इतिहासाकडे फारसं कुणी वळत नाही. आज त्याच्याच मागे जाऊन बघू.

सुरुवात अगदी जुन्यापासून करतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सूर्येच्या विवाहाचं सूक्त आहे. नवरा आहे सोम, पण मागणी घालायला तो स्वतः जात नाही. त्याच्या वतीने अश्विनीकुमार आपल्या तीन चाकांच्या रथातून जातात. म्हणजे आमच्याकडचा रायबारी, दोन्ही घरी चहा पिऊन दोन्ही घरांची बाजू राखणारा तो मध्यस्थ, निदान वेदांइतका जुना आहे म्हणायला हरकत नाही. पुढे गृह्यसूत्रांत मुलगी पारखण्याच्या रीती येतात. आश्वलायनाने सांगितलेली एक रीत मोठी गमतीची आहे. मातीची आठ ढेकळं करायची. वर्षात दोन पिकं देणाऱ्या शेतातली एक, गोठ्यातली एक, यज्ञाच्या वेदीची एक, न आटणाऱ्या डोहातली एक, जुगाराच्या जागेतली एक, चव्हाट्यावरची एक, नापीक जमिनीतली एक आणि स्मशानातली एक. मुलीने त्यातलं एक उचलायचं आणि त्यावरून तिचं भविष्य ताडायचं. म्हणजे परीक्षा मुलीची; मुलापुढे कुणी ढेकळं मांडल्याचं मात्र वाचनात नाही.

मग येतो वाङ्निश्चय. वाचेने केलेला निश्चय, नुसता शब्द. पण हा शब्द बांधतो किती? यावर आपल्या स्मृतिकारांचंच एकमत नव्हतं. मनू म्हणतो की कन्या एकदाच दिली जाते, एकाला वचन दिल्यावर शहाण्याने ती दुसऱ्याला देऊ नये. याज्ञवल्क्यही आधी तेच सांगतो, वचन देऊन मुलगी मागे घेणाऱ्याला चोराची शिक्षा. आणि लगेच पुढे एक वाट मोकळी ठेवतो: अधिक चांगला वर आला तर दिलेली मुलगीसुद्धा मागे घेता येते. दुसऱ्या बाजूने, विवाह पुरा होतो तो सातव्या पावलावर, हेही मनूनेच सांगून ठेवलं आहे. म्हणजे बोलणी आणि सप्तपदी यांच्या मधला काळ हा शास्त्रातही धूसरच होता. शब्द दिलेला आहे, पण नातं अजून झालेलं नाही. माझ्या मते सोयरिकीचा सगळा इतिहास हा या मधल्या रिकाम्या जागेचा इतिहास आहे. ती जागा भरायला कधी साखर आणली, कधी अंगठी, कधी कागद.

अंगठी म्हटली की शकुंतला आठवते. पण महाभारतातल्या मूळ कथेत अंगठी नाहीच, ती कालिदासाने घातली! महाभारतातली शकुंतला फार व्यवहारी आहे. गांधर्व विवाहाला होकार देण्याआधी ती दुष्यंताला अट घालते की माझ्या पोटी येणारा मुलगा युवराज झाला पाहिजे. राजा कबूल करतो, आणि पुढे भर दरबारात ओळख नाकारतो. साक्षीदार कुणीच नाही. शेवटी आकाशवाणीला साक्ष द्यावी लागते. ज्यांच्यासाठी आकाशवाणी होत नाही अशा साध्या माणसांनी म्हणूनच चार पाहुण्यांना बोलावून, पानसुपारी वाटून शब्द द्यायची रीत पाडली असावी.

आता गोव्याकडे येऊ. आमच्याकडे पत्रिका जुळली तरी एक परवानगी बाकी असते, ती कुलदेवाची. देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालायचं आणि कुठल्या बाजूची पाकळी पडते ते डोळ्यांत प्राण आणून पाहायचं. हा कौल, हाच प्रसाद. आश्वलायनाची ढेकळं गेली, पाकळ्या आल्या. पण न कळणाऱ्या भविष्यापुढे माणसाची धडपड तीच.

हा कौल मागायला सासष्टी-तिसवाडीची माणसं फोंड्याकडे का जातात, हे मात्र नव्या पिढीला सांगावं लागतं. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, आजच्या कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी हे देव नदीपार अंत्रूज महालात नेले. तो मुलूख १७६३ पर्यंत पोर्तुगिजांच्या हातात नव्हता. देव गेले आणि सोयरिकीचा कौलही नदीपार गेला. पुढे १६२० मध्ये एका आदेशाने गोवा शहरात, बेटांवर आणि लगतच्या मुलखात हिंदूंनी लग्नविधी करण्यालाच बंदी घातली. दंड होता हजार अशरफ्यांचा. विचार करा, ज्या गावात मुलगी वाढली त्या गावात तिचं लग्न लावणं हा गुन्हा!

बाटून ख्रिस्ती झालेल्यांची तऱ्हा वेगळी होती. त्यांनी देव बदलला, पण सोयरिकीच्या रीती कुठे सोडल्या? इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेला हुकूमनामा वाचला की हे कळतं. लग्नकार्यात पानसुपारी आणि फुलं देऊ-पाठवू नयेत, हळद लावू नये, ओव्या म्हणू नयेत, असं त्यात बारीकसारीक मनाईचं जाळं आहे. प्रियोळचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तो दिला आहे. मला हा हुकूमनामा उलट्या बाजूने वाचावासा वाटतो. धर्मांतरानंतर दीडदोनशे वर्षांनीही विड्याच्या पानावर बंदी घालावी लागते, याचा अर्थ ते पान तोवर घराघरांत फिरत होतं! आज गोव्यातली ख्रिस्ती लग्नं पाहा. चुडा आहे, रोस आहे, आणि 'सोयरीक' हा शब्द तर दोन्ही अंगणांत तोच आहे. सत्ता देऊळ पाडू शकते, सोयरिकीचा शब्द पाडणं तिला जमत नाही.

साखरेची गोष्ट आणखी मजेदार आहे. गूळ घरोघर होता. साखर महाग, म्हणून मानाची. होणाऱ्या सुनेच्या ओटीत सासरच्यांनी साखरेचा सजवलेला पुडा द्यायचा आणि बातमी गोड करायची, तो साखरपुडा. मूळ संस्कृत शब्द शर्करा. तो इराणातून अरबांकडे गेला, अरबांकडून पोर्तुगिजांकडे जाऊन 'आसुकार' झाला आणि गलबतात बसून पुन्हा आमच्याच किनाऱ्याला लागला. अंगठीचा प्रवास उलटा. प्राचीन रोममध्ये वाग्दत्त वधूला लोखंडी अंगठी पाठवीत असल्याचं प्लिनीने नोंदवलं आहे. पोर्तुगीज भाषेत बायकोला 'एस्पोझा' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'स्पोन्सा'पासून आला आणि त्याचा मूळ अर्थ बायको नव्हे, तर 'जिच्याविषयी वचन दिलं आहे ती'. म्हणजे वाग्दत्ताच! आज आमच्या हिंदू घरांतही साखरपुड्याला अंगठ्या घातल्या जातात, आणि कुणाला त्यात परकं काही वाटत नाही.

आता शेवटचा शब्द, सही. कागद आपल्याला अगदीच नवा नाही. देशावर 'याद्या' करतात. देण्याघेण्याची, मानपानाची यादी लिहायची, तिला हळदकुंकू लावायचं आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सह्या करायच्या. फरक इतकाच की त्या सह्या बापांच्या असत. पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि २५ डिसेंबर १९१० च्या हुकूमनाम्याने विवाह हा दिवाणी करार ठरला. तो कायदा गोव्यातही आला, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही राहिला. म्हणून आमच्याकडे नवरा-नवरी निबंधकाच्या कचेरीत जाऊन आधी लग्नाचा इरादा जाहीर करतात. ती पहिली सही. मग नोटीस लागते, हरकतींसाठी मुदत जाते, आणि त्यानंतर साक्षीदारांसमक्ष पक्की सही होते. जुन्या काळी चर्चमध्ये लग्नाआधी तीनदा पुकारा होई, त्याचंच हे सरकारी भावंड.

गोम इथेच आहे. पहिली सही म्हणजे लग्न नव्हे. ती फक्त इराद्याची नोंद. पण घरात पेढे वाटले जातात, 'रजिस्टर झालं' म्हणून सांगितलं जातं, आणि मुलगी मनाने, कधी देहानेही, त्या घरची होऊन जाते. मग मुलगा फिरला तर तिच्या हाती ना लग्न, ना मोकळीक. शास्त्रातली ती रिकामी जागा आमच्या निबंधकाच्या टेबलावरही तशीच पसरलेली आहे. आणि तिच्यात पडते ती बहुतेक वेळा मुलगीच.

याच मधल्या काळात आणखी एक दार उघडं असतं, ते फार थोडे पाहतात. आपल्या कायद्याप्रमाणे, आधी करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता समाईक होते आणि निम्म्यावर दोघांचा हक्क येतो. वेगळी व्यवस्था हवी असेल तर तसा करार लग्नाआधीच, रीतसर दस्ताने करावा लागतो. लग्नानंतर बदल नाही. साखरपुड्याला हॉल कुठला आणि केक किती किलोचा, यावर आठ दिवस चर्चा होते. या कलमावर आठ मिनिटं तरी होते का? महाभारतातली शकुंतला आपल्यापेक्षा शहाणी होती.

आणि ज्यांना सोयरीक हा शब्दच नाकारला होता, त्यांना विसरून कसं चालेल? देवळांच्या सेवेला बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या मुलींच्या वाट्याला शेंस नावाचा विधी येई. लग्नाचा देखावा, पण नवरा नाही. मागणी नाही, साखर नाही, कुणाचं उतर नाही. राजाराम पैंगीणकरांनी हयातभर या रूढीशी झुंज घेतली, आणि त्यांच्या आत्मचरित्राचं नावच आहे 'मी कोण?'. त्या समाजात पहिल्यांदा रीतसर मागणी घालून जे साखरपुडे झाले असतील, त्यांच्याइतकी गोड साखर गोव्यात दुसरीकडे वाटली गेली नसेल.

तेव्हा मित्रहो, साखरपुडा करा, हौसेने करा. कौल घ्या, अंगठी घाला, पेढे वाटा. फक्त दोन गोष्टी लक्षात असू द्या. पहिल्या सहीचा नेमका अर्थ मुलीला आणि तिच्या आईला आधी समजावून सांगा. आणि पाकळी कुठल्या बाजूला पडली हे विचारण्याआधी मुलीचा कौल कुठल्या बाजूचा आहे, ते तिला एकटीला बसवून विचारा.