पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने करताय? परमिट, विमा आणि दंडाचे नियम समजून घ्या

लग्नाचं वऱ्हाड असो, देवदर्शन असो की जिल्ह्याच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा असो, गावात पहिला फोन जातो तो ओळखीच्या गाडीवाल्याला. एसटीची वेळ जमत नाही, काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही. मग कुणाची तरी घरची गाडी किलोमीटरप्रमाणे ठरते. ड्रायव्हर ओळखीचा, भाडंही थोडं कमी. पण गाडी टॅक्सी पासिंगची नसेल तर हा व्यवहार कायद्यात बसत नाही. त्याचा खरा फटका कळतो तो अपघात झाल्यावर.

परमिट कशासाठी?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ नुसार भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीला परमिट लागतं. ड्रायव्हर सोडून ६ प्रवाशांपर्यंतची गाडी म्हणजे मोटार कॅब, ७ ते १२ प्रवाशांची मॅक्सी कॅब. अशा गाडीची नोंदणी व्यावसायिक होते, विमाही वेगळा असतो. फिटनेस तपासणी गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावी लागते. घरगुती गाडीची नोंदणी एकदम १५ वर्षांची असते, मधे कुणी ब्रेक तपासत नाही.

नंबरप्लेट ओळखा

- पांढऱ्यावर काळी अक्षरं : घरगुती गाडी, भाड्याने चालवता येत नाही
- पिवळ्यावर काळी अक्षरं : व्यावसायिक गाडी
- काळ्यावर पिवळी अक्षरं : स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी गाडी
- हिरव्यावर पांढरी अक्षरं : घरगुती इलेक्ट्रिक गाडी
- हिरव्यावर पिवळी अक्षरं : व्यावसायिक इलेक्ट्रिक गाडी

पिवळी पाटी दिसली म्हणजे सगळं चालतं, असंही नाही. टुरिस्ट परमिटची गाडी पूर्ण ठरवून न्यायची असते. थांब्याथांब्यावर सीट भरत वडाप करायला ते परमिट नसतं.

विम्याचं काय होतं?

घरगुती गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. भाडं घेतल्याचं सिद्ध झालं तर कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. मयत आणि जखमींच्या दाव्यातही 'अटीचा भंग झाला' म्हणून हात वर करते. काही प्रकरणांत कोर्ट कंपनीला आधी पैसे भरून नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगतं, पण दर वेळी तसं होईलच याची खात्री नाही. नाहीतर भरपाई मालकाकडूनच मागावी लागते. त्याची गाडीच कर्जावर असेल तर निकाल हातात येऊनही पैसा मिळायला वर्षं जातात.

अशा वेळी 'भाडं दिलंच नाही, आम्ही पाहुणे होतो असं सांगा' असा सल्ला देणारे भेटतात. त्या नादी लागू नये. कोर्टात शपथेवर खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा आहे.

पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टर-ट्रॉली

मालवाहू गाडीत वऱ्हाड किंवा मजूर बसवणं त्याहून धोक्याचं. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. आपला भाजीपाला घेऊन बाजार समितीला निघालेला शेतकरी मात्र मालाचा मालक म्हणून विम्यात बसतो.

दंड किती?

- विनापरमिट वाहतूक (कलम १९२-अ) : पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद. शिवाय गाडी जप्त होऊ शकते.
- जादा प्रवासी (कलम १९४-अ) : प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये. पर्यायी सोय होईपर्यंत गाडी पुढे सोडत नाहीत.

पेशंटसाठी सूट

रात्री-अपरात्री आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेलं तर विनापरमिटचं हे कलम लागत नाही. मात्र गाडी वापरणाऱ्याने ७ दिवसांच्या आत आरटीओला तसं कळवायचं असतं. त्यामुळे पेशंट दारात असताना दंडाच्या भीतीने गाडी अडवून धरू नये. १०८ ला फोन करावाच, पण ॲम्बुलन्स लांब असेल तर मिळेल त्या गाडीने निघावं.

गाडी ठरवण्याआधी

१. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. गाडीचा प्रकार, विमा आणि फिटनेसची तारीख दिसते.
२. परमिटचा कागद मागा, त्यावर किती प्रवासी लिहिलेत ते बघा.
३. गाडीचा आणि कागदाचा फोटो घरच्यांना पाठवून ठेवा.
४. भाडं शक्यतो ऑनलाइन द्या, पुरावा राहतो.

गाडीवाल्यांसाठी

घरची गाडी धंद्याला लावायची असेल तर आरटीओत अर्ज करून तिची नोंदणी व्यावसायिक करून घेता येते, मग परमिट मिळतं. लायसनचीही पूर्वीइतकी अडचण नाही. ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या गाडीसाठी साधं हलक्या वाहनाचं लायसन पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केलं. विम्याचा हप्ता आणि टॅक्स वाढतो हे खरं. पण एका अपघाताची भरपाई अंगावर आली, तर शेत विकूनही ती भागत नाही.