आड, मैलाखड्डा आणि खरेदीखत : दुर्गाघाटावरील घराचा इतिहास

घराचे खरेदीखत वाचताना तुम्ही चतुःसीमा पाहता: पूर्वेस अमुक यांचे घर, पश्चिमेस गल्ली. जमिनीखालचे पाणी मात्र या सीमा जाणत नाही. कायद्याची सीमा आणि पाण्याची वाट यांतला हा फरक घर घेणाऱ्याला किती महागात पडू शकतो, हे काशीतील दुर्गाघाटावर नीट दिसते.

पंचगंगा आणि ब्रह्माघाट यांच्यामधला हा घाट. 18व्या शतकात कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर काशीत राहिले. पेशव्यांचा त्यांना आश्रय होता. दुर्गाघाट व ब्रह्माघाट यांच्या बांधकामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. या भागात मराठी कुटुंबांची वस्ती वाढली. गल्ल्या अरुंद, घरांच्या भिंती एकमेकींना लागून. गंगा पायाशी असली तरी काठ उंच. भरलेली घागर घेऊन इतक्या पायऱ्या चढणे सोपे नव्हते आणि पावसाळ्यात पाणी गढूळ. म्हणून घरातल्या आडाचे मोल मोठे. मैला खड्ड्यात जाई किंवा सफाई करणारी माणसे तो हाताने उचलून नेत. (चतुःसीमेत या माणसांची नोंद शोधू नका.)

आजची सेप्टिक टाकी ही पुढची पायरी. फ्रान्समध्ये मुरास यांनी 1860च्या सुमारास अशी बंद टाकी बांधली; इंग्लंडमधील एक्सेटर येथे कॅमेरॉन यांनी 1895मध्ये तिला ‘सेप्टिक’ हे नाव दिले. टाकीत गाळ तळाशी बसतो, तवंग वर राहतो आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. ते दिसायला निवळ, पण रोगजंतूंपासून मुक्त नसते. म्हणूनच भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर दूर हवा. दुर्गाघाटाच्या गल्लीत 18 मीटर मोजायला लागा. शेजाऱ्याचे घर ओलांडून तुम्ही पुढे जाल! तेव्हा स्वतःचा खड्डा कितीही चांगला असला, तरी आडाची शुद्धता शेजाऱ्यांच्या हाती होती.

मग कायदा काय म्हणत होता? 1882च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील कलम 7ची उदाहरणे वाचा. आपल्या जमिनीखाली निश्चित प्रवाहात न वाहणारे पाणी घेण्याचा हक्क मालकाला आहे. आपल्या जमिनीतून झिरपणारे पाणी इतरांनी अवाजवी दूषित करू नये, हाही हक्क आहे. हा कायदा 1891मध्ये मुंबई इलाख्याला आणि काशी ज्यात होती त्या वायव्य प्रांतांना एकाच वेळी लागू झाला. विक्रीचे मात्र वेगळे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण साध्या दक्षतेने खरेदीदाराला न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. काशीत हे 1882पासून, पुण्यात 1893पासून. म्हणजे दुर्गाघाटावरच्या मराठी खरेदीदाराला हे संरक्षण त्याच्या पुण्यातल्या आप्तांच्या आधी दहा वर्षे मिळाले.

माझ्या मते हक्क असणे आणि तो बजावता येणे यांत मोठे अंतर होते. पाणी नासले, पण कोणाच्या खड्ड्याने? लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर 1854च्या पटकीनंतर उत्तर मिळाले ते जमीन खणल्यावर: गळका मैलाखड्डा विहिरीपासून जेमतेम 3 फुटांवर होता. काशीच्या गल्लीत शेजाऱ्याच्या घराखाली कोण खणू देणार?

काशीत नळाचे पाणी 1892मध्ये आले. मैलापाण्याची गटारे मागाहून. नळ आला की घरात पाणी वाढते आणि त्याच खड्ड्यांत जास्त पाणी जाते, हा क्रम नीट लक्षात घ्या. गटारांचे पाणी पुढे गंगेत गेले आणि 1986मध्ये गंगा कृती योजना सुरू करावी लागली.

तुमच्या घराचे जुने खरेदीखत मिळाले तर त्यात आड, मोरी, संडास यांचा उल्लेख कसा आहे ते पाहा. आड बुजवला असेल तर तो कधी आणि का बुजवला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि त्या वेळी शेजारच्या घरात काय होते हेही.