मीट लोफ : उत्तरकाळ

मीट लोफ (२७ सप्टेंबर १९४७–२० जानेवारी २०२२). अमेरिकन रॉक गायक व नट. मूळ नाव मार्व्हिन ली अडे. पुढे मार्व्हिनऐवजी मायकेल हे नाव त्याने कायदेशीररीत्या घेतले. जन्म टेक्सस राज्यातील डॅलस येथे. आई शाळेत शिकवी आणि गॉस्पेल गाई. वडील पोलिसात होते. ‘हेअर’, ‘मोअर दॅन यू डिझर्व्ह’ आणि ‘द रॉकी हॉरर शो’ या नाटकांतून तो पुढे आला. ‘मोअर दॅन यू डिझर्व्ह’च्या निमित्ताने १९७३ मध्ये त्याची संगीतकार-गीतकार जिम स्टाइनमनशी गाठ पडली. दोघांच्या सहकार्यातून ऑक्टोबर १९७७ मध्ये ‘बॅट आउट ऑफ हेल’ हा अल्बम निघाला. त्याच्या जगभरात चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे मानले जाते आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत तो पाचशेहून अधिक आठवडे राहिला. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यानंतरच्या काळाविषयी आहे.

मीट लोफ स्वतःला आधी नट मानत असे, आणि त्याच्या उत्तरकाळाचा उलगडा याच गोष्टीतून होतो. तो गाणे गात नसे, गाण्यातले पात्र उभे करी. रेशमी रुमाल हाती घेऊन, घामाने निथळत, आठ-दहा मिनिटांच्या रचनेत तो सतत वरच्या पट्टीत राही आणि अखेरचा चढ चढताना शरीरात काहीही शिल्लक ठेवत नसे. आवाज राखून गाण्याची कला त्याला अवगत नव्हती असे नव्हे. त्याच्या नाट्यकल्पनेत तिला जागाच नव्हती. १९७८ मध्ये कॅनडातील ऑटावा येथे तो रंगमंचावरून खाली पडून जखमी झाला, तेव्हा दौऱ्यातले पुढचे कार्यक्रम त्याने चाकाच्या खुर्चीत बसून केले. हे शौर्य खरे होते. पण याच हट्टाची किंमत त्याच्या गळ्याने पुढची चाळीस वर्षे मोजली.

पहिली घसरण लगेचच झाली. अखंड दौऱ्यांनंतर त्याचा आवाज गेला. दुखण्याचे मूळ शरीरापेक्षा मनात अधिक होते, असे तो पुढे स्वतःच सांगे. दुसऱ्या अल्बमसाठी लिहून तयार असलेली गाणी घेऊन स्टाइनमन थांबून राहिला; अखेर त्यातली बरीचशी स्वतःच गाऊन त्याने १९८१ मध्ये ‘बॅड फॉर गुड’ हा अल्बम काढला. त्याच वर्षी आलेला मीट लोफचा ‘डेड रिंगर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला, शेरबरोबरचे त्यातले युगुलगीतही गाजले. अमेरिकेने मात्र त्याची फारशी दखल घेतली नाही. यानंतर पैसा, करार आणि व्यवस्थापक यांवरून खटले सुरू झाले. १९८३ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षीच्या ‘मिडनाइट ॲट द लॉस्ट अँड फाउंड’मध्ये स्टाइनमनचे एकही गाणे नव्हते. नेमक्या याच सुमारास स्टाइनमनच्या दोन रचना बॉनी टायलर आणि ‘एअर सप्लाय’ यांच्या आवाजात जगभर गाजत होत्या. त्या मुळात आपल्यासाठी होत्या असे मीट लोफ सांगत आला. ते किती खरे, हा मुद्दा गौण आहे. त्या दोन्ही गाण्यांत त्याच्या आवाजाची रिकामी जागा ऐकू येते, हे मात्र नाकारता येत नाही.

‘बॅड ॲटिट्यूड’ (१९८४) आणि ‘ब्लाइंड बिफोर आय स्टॉप’ (१९८६) हे अल्बम आले आणि गेले. दुसऱ्याची निर्मिती फ्रँक फारियन या जर्मन निर्मात्याकडे होती आणि त्या काळच्या यांत्रिक तालात मीट लोफचा आवाज परका वाटतो. एकेकाळी मोठी सभागृहे भरवणारा हा गायक आता लहान क्लबांतून, मिळेल त्या श्रोत्यांसमोर गाऊ लागला. चरित्रलेखकांनी या वर्षांना थोडक्यात गुंडाळले आहे, ते अन्यायाचे आहे. गाणे कसे टिकवायचे, वादकांचा संच कसा बांधायचा, पन्नास माणसांसमोरही पाच हजारांसमोरचा प्रयोग कसा करायचा हे तो याच काळात नव्याने शिकला. पुढचे पुनरागमन या तालमीवर उभे आहे.

ते पुनरागमन सप्टेंबर १९९३ मध्ये झाले. स्टाइनमनशी पुन्हा हात मिळवून केलेल्या ‘बॅट आउट ऑफ हेल २ : बॅक इनटू हेल’ या अल्बममधले ‘आय’ड डू एनिथिंग फॉर लव्ह’ हे मूळचे बारा मिनिटांचे गाणे २८ देशांत पहिल्या क्रमांकावर गेले, ब्रिटनमध्ये ते सात आठवडे तिथून हलले नाही. चित्रफितीचे दिग्दर्शन मायकेल बेचे होते. गाण्यातला स्त्रीस्वर लॉरेन क्रॉस्बी या इंग्लिश गायिकेचा. अल्बमवर तिचे नाव ‘मिसेस लाउड’ असे छापले गेले आणि चित्रफितीत तिच्या आवाजावर दुसऱ्याच अभिनेत्रीने ओठ हलवले. या गाण्यासाठी १९९४ मध्ये मीट लोफला एकल रॉक गायनाचे ग्रॅमी मिळाले. ग्रंज संगीताच्या ऐन भरात, साधेपणाची आणि उदासीची चलती असताना, शेहेचाळिशीतल्या एका स्थूल गायकाने ऑपेराच्या थाटात प्रेमाची शपथ घ्यावी आणि जगाने ती मान्य करावी, ही रॉकच्या इतिहासातली विरळा घटना आहे.

‘वेलकम टू द नेबरहुड’ (१९९५) चांगला खपला. त्यातली गाजलेली गाणी डायन वॉरन हिची होती. चित्रपटांतले त्याचे काम याच दशकात बहरले. ‘फाइट क्लब’ (१९९९) मधला रॉबर्ट पॉलसन ही त्याची सर्वोत्तम भूमिका. पक्ष्यांच्या दाण्यांनी भरलेला जड पोशाख चढवून केलेल्या या भूमिकेत तो जवळजवळ कुजबुजत बोलतो. ज्याची सारी ख्याती मोठ्या आवाजावर होती त्या नटाला संयमही किती उत्तम साधत होता, हे तिथे दिसते. संगीतात हा संयम त्याने कधी वापरला नाही.

नोव्हेंबर २००३ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली अरीनात तो गाता गाता कोसळला. हृदयाचे ठोके अनियमित करणारा वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट हा जन्मजात दोष असल्याचे निदान झाले आणि उपचार करावे लागले. यापुढे प्रत्येक दौऱ्यावर आजारपणाची सावली राहिली. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यूकॅसल येथे तो कार्यक्रम अर्ध्यावर सोडून, श्रोत्यांचा निरोप घेऊन निघून गेला. स्वरतंतूवर गाठ असल्याचे नंतर कळले आणि उरलेला दौरा रद्द झाला. जुलै २०११ मध्ये पिट्सबर्ग येथे दम्याच्या झटक्याने तो मंचावर पडला, आणि उठून पुन्हा गायला.

दरम्यान, ज्या माणसाच्या गाण्यांवर तो उभा होता त्याच्याशीच न्यायालयात लढण्याची वेळ आली. ‘बॅट आउट ऑफ हेल’ हे शब्द स्टाइनमनने व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. २००६ मध्ये मीट लोफने त्याच्यावर व त्याच्या व्यवस्थापकावर पाच कोटी डॉलरचा दावा लावला. पुढे तडजोड झाली आणि ‘बॅट आउट ऑफ हेल ३ : द मॉन्स्टर इज लूज’ हा अल्बम डेस्मंड चाइल्डच्या निर्मितीत बाहेर पडला. त्यात स्टाइनमनची काही जुनी गाणी आहेत, तो स्वतः नाही. मेरियन रेव्हनबरोबरचे ‘इट्स ऑल कमिंग बॅक टू मी नाउ’ हे युगुलगीत वगळता अल्बमचे तिसरेपण नावापुरतेच उरते. त्यापेक्षा रॉब कॅव्हालोने निर्मिलेला ‘हँग कूल टेडी बेअर’ (२०१०) अधिक लक्ष देऊन ऐकावा असा आहे. त्यात जुन्या यशाची नक्कल नाही, आणि ब्रायन मे, स्टीव्ह वाय, ह्यू लॉरी अशा सहकाऱ्यांच्या संगतीत थकलेला आवाजही खेळकर होतो.

आवाजाची पडझड सर्वांत मोठ्या प्रमाणावर उघड झाली ती १ ऑक्टोबर २०११ रोजी, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अंतिम सामन्यापूर्वी त्याने आपल्या गाजलेल्या गाण्यांची माळ गायली. सूर सुटले, श्वास पुरेना, आणि लाखभर प्रेक्षकांसमोरचा तो कार्यक्रम पुढे अनेक वर्षे टिंगलीचा विषय झाला. स्वरतंतूतून रक्तस्राव झाल्याचे कारण त्याने नंतर दिले. टिंगल करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. ही गाणी तिशीतल्या गळ्यासाठी, तेही स्टुडिओत, बेतलेली होती. चौसष्टाव्या वर्षी, मोकळ्या मैदानात, आजारी फुप्फुसांनिशी ती तशीच पेलणे जवळजवळ अशक्य होते. अखेरच्या दौऱ्यांत त्याने पट्ट्या खाली आणल्या, वरचे सूर सहगायकांकडे सोपवले. १९९३ पासून वीस वर्षे त्याच्या सोबत गाणाऱ्या पॅटी रूसोने या प्रयोगांचा मोठा भार वाहिला. तिचे श्रेय क्वचितच दिले जाते.

२०१३ चा ब्रिटनमधला दौरा निरोपाचा म्हणून जाहीर झाला होता, तरी तो थांबला नाही. १६ जून २०१६ रोजी कॅनडातील एडमंटन येथे तो पुन्हा मंचावर कोसळला. आजारामुळे आधीचे दोन कार्यक्रम रद्द करावे लागले होते, तरीही तो उभा राहिला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘ब्रेव्हर दॅन वी आर’ हा शेवटचा अल्बम आला. सर्व गाणी स्टाइनमनची. एका गाण्यात एलेन फोली आणि कार्ला डेव्हिटो या सुरुवातीच्या काळातल्या दोन्ही सहगायिका. समीक्षकांनी त्यातल्या फाटक्या, बोलक्या आवाजाला नावे ठेवली. परंतु वृद्ध नटाने संवाद म्हणावेत तशी ही गाणी ऐकली, तर त्यांत एक प्रामाणिक धीटपणा जाणवतो. चढे सूर गेले आहेत हे तो लपवत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मँचेस्टरच्या ऑपेरा हाउसमध्ये ‘बॅट आउट ऑफ हेल : द म्युझिकल’चा पहिला प्रयोग झाला. यांतली अनेक गाणी स्टाइनमनने मुळात रंगभूमीसाठीच योजली होती. ती तिथे पोहोचायला चार दशके लागली. या नाटकाच्या प्रसिद्धीसाठी मीट लोफ आवर्जून फिरला. गाणारे आता नवे, तरुण नट होते. त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि मे २०१९ मध्ये टेक्ससमधील एका संमेलनात पडून त्याचे गळ्याचे हाड मोडले. तरी नव्या कामाचे बेत तो शेवटपर्यंत करत होता.

१९ एप्रिल २०२१ रोजी स्टाइनमनचे निधन झाले. नऊ महिन्यांनी नॅशव्हिल येथे, वयाच्या ७४ व्या वर्षी मीट लोफ गेला. पश्चात पत्नी डेबोरा आणि पर्ल व अमांडा या मुली. पर्ल ही स्वतः गायिका, अमांडा अभिनेत्री.