महिंद्रा बोलेरो पिक-अप

महिंद्रा बोलेरो पिक-अप हे महिंद्रा अँड महिंद्रा या भारतीय कंपनीचे हलके मालवाहू वाहन आहे. पुढे चालकाची बंदिस्त केबिन आणि मागे उघडा हौदा अशी त्याची रचना असून त्यास टर्बोचार्जर जोडलेले चार सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. मालासह एकूण वजन साडेतीन टनांपर्यंत असणाऱ्या मालवाहू वाहनांच्या गटात ते मोडते. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत फळे, भाजीपाला, दूध व मासे यांच्या वाहतुकीसाठी या वर्गातील वाहनांचा मोठा वापर होतो. तेथील बोलण्यात नुसते ‘पिकअप’ म्हटले तरी बहुधा हीच गाडी अभिप्रेत असते.

पार्श्वभूमी

लुधियाना येथे १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने स्थापन झालेल्या कंपनीने १९४८ मध्ये सध्याचे नाव धारण केले. विलीज जीपची जुळणी हा तिच्या वाहन व्यवसायाचा आरंभ होय. शिडीसारख्या पोलादी चौकटीवर वेगळे बांधलेले शरीर बसवण्याची जीपची पद्धत कंपनीने पुढील अनेक वाहनांत कायम ठेवली. बोलेरो हे प्रवासी वाहन २००० साली बाजारात आले आणि त्याचेच नाव पुढे मालवाहू गाड्यांनाही देण्यात आले. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘बोलेरो मॅक्स पिक-अप’ ही नवी मालिका सुरू झाली व एप्रिल २०२३ मध्ये तिचा विस्तार करण्यात आला.

भारतातील डिझेल पिक-अपचा इतिहास पुणे जिल्ह्याशी निगडित आहे. टाटांची ‘टाटामोबाइल’ ही गाडी १९८८ मध्ये पुण्यात तयार होऊ लागली. या वर्गात बोलेरोशी स्पर्धा करणाऱ्या वाहनांत टाटा योद्धा व अशोक लेलँडची बडा दोस्त ही प्रमुख होत. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाज्जिओ कंपनीचा कारखाना असून तेथे ‘आपे’ ही तीनचाकी तयार होते. तीनचाकीचे काम मात्र गावातल्या गावात व जवळच्या बाजारापर्यंतचे. शंभर-दीडशे किलोमीटरवरील बाजारपेठेसाठी चारचाकी पिक-अपच लागते.

तांत्रिक तपशील

मॅक्स मालिकेतील डिझेल गाड्यांत २,५२३ घन सेंटिमीटर क्षमतेचे ‘एम-टू-डीआय’ इंजिन आहे. त्याची दोन रूपे आहेत. पहिले ५२.२ किलोवॅट शक्ती व २०० न्यूटन-मीटर टॉर्क (पीळ) देते, तर दुसरे ५९.७ किलोवॅट व २२० न्यूटन-मीटर देते. प्रकारानुसार भारवहन क्षमता १.३ टनांपासून २ टनांपर्यंत असून सर्वांत मोठ्या हौद्याची लांबी ३,०५० मिलिमीटर आहे. शहरी वापरासाठी सीएनजीवर चालणारा प्रकारही आहे. इंजिनाची शक्ती पाच गिअरच्या गिअरपेटीतून मागील चाकांना मिळते. पुढील चाकांना डिस्क व मागील चाकांना ड्रम ब्रेक असून मागील आसाचा भार पोलादी पाट्यांवर तोललेला असतो.

टर्बोचार्जरचे कार्य

सिलिंडरमध्ये किती इंधन जाळता येईल हे आत किती हवा शिरते यावर ठरते. टर्बोचार्जरमध्ये बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक चक्र फिरते व त्याच दांड्यावरील दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात लोटते. त्यामुळे आकार न वाढवता इंजिनाचा टॉर्क वाढतो.

या इंजिनाची जुळवणी कोणत्या हेतूने केली आहे, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. पहिल्या रूपात २०० न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क मिनिटाला १,४०० ते २,२०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो, तर कमाल शक्ती ३,२०० फेऱ्यांना मिळते. ५२.२ किलोवॅट व ३,२०० फेऱ्या यांवरून गणित केल्यास त्या क्षणी टॉर्क सुमारे १५६ न्यूटन-मीटर भरतो. म्हणजे इंजिन पुढे ताणत नेल्यास ओढ वाढत नाही, उलट कमी होते. इंजिनाची खरी ताकद कमी फेऱ्यांत असल्याने अनुभवी चालक गिअर लवकर बदलतात आणि भरलेली गाडी संथ पण न अडखळता चालू ठेवतात.

चालवण्यातील गुणधर्म

रिकामी व भरलेली बोलेरो पिक-अप ही जणू दोन वेगळी वाहने आहेत. टनभराहून अधिक माल पेलण्यासाठी मागील पाटे कडक ठेवावे लागतात. हौदा रिकामा असताना ते फारसे दबत नाहीत, त्यामुळे खड्ड्यांवर गाडीचा मागचा भाग उसळतो. ओढ मागील चाकांवर आणि वजन मात्र पुढे इंजिनाकडे असल्याने, पावसात ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीची मागील चाके घसरण्याचा संभवही अधिक असतो. माल भरल्यावर पाटे दबतात, चाल स्थिर होते आणि केबिनमधील दणके कमी होतात. केवळ रिकामी गाडी फिरवून तिच्याविषयी मत बनवणे म्हणूनच फसवे ठरते.

भार वाढला की थांबण्याचे अंतर व वळणावरील कलही वाढतो. डाळिंबाचे क्रेट केबिनच्या उंचीपेक्षा वर रचले की गुरुत्वमध्य वर सरकतो. एकाच वजनाचा माल खाली पसरून भरलेला असो वा उंच रचलेला, आकड्यांत फरक दिसत नाही. वळणावर तो लगेच जाणवतो.

बारामती व इंदापूर परिसरातील वापर

नीरा डावा कालवा आणि उजनी धरणाचा जलाशय यांमुळे या दोन तालुक्यांच्या बऱ्याच भागात बागायती शेती रुजली. ऊस हे येथील प्रमुख पीक असले तरी कारखान्यापर्यंतची त्याची वाहतूक मुख्यतः ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक व बैलगाड्यांतून होते. पिक-अपचे काम नाशवंत मालाचे आहे. त्यात इंदापूरकडील डाळिंब, पेरू व केळी, बारामतीकडील द्राक्षे व भाजीपाला, गावोगावच्या संकलन केंद्रांवरील दूध आणि भिगवण येथील मासळी यांचा समावेश होतो. अशा मालाला वेळेची मर्यादा असते. संध्याकाळी भरलेली गाडी पहाटेच्या लिलावापूर्वी बाजार समितीत पोहोचली नाही, तर शेतकऱ्याला एका दिवसाचा भाव गमवावा लागतो. गाडीची किंमत, भाडे व इंधन यांचे गणित याच फेऱ्यांवर बसवलेले असते, आणि एका फेरीत थोडा जास्त माल भरण्याचा मोहही येथूनच निर्माण होतो.

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी या मार्गाने जाते. त्या काळात दिंड्यांचे सामान, शिधा व भांडी वाहून नेण्याचे कामही ट्रकांबरोबर पिक-अप करतात.

घाटमार्ग व ब्रेकवरील ताण

इंदापूर व भिगवणहून पुण्याला जाणारी गाडी सोलापूर महामार्गाने येते व तिला मोठा घाट लागत नाही. बारामतीहून मोरगाव, जेजुरी, सासवड हा मार्ग घेतल्यास मात्र पुण्यापूर्वी दिवे घाट उतरावा लागतो. नवी मुंबईतील वाशीच्या बाजारासाठी पुढे खंडाळ्याचा बोर घाटही उतरावा लागतो. दोन्ही ठिकाणी गाडी माल घेऊन घाट उतरते आणि परतताना, बहुधा रिकामी, तोच घाट चढते. त्यामुळे या फेऱ्यांत घाटातील खरी कसोटी टर्बोची नसून ब्रेकची असते. वाहनाच्या जाहिरातींत टॉर्कचा आकडा ठळक असतो, ब्रेकविषयी मात्र फार कमी सांगितले जाते.

मालासह ३ टन वजनाची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. तीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवताना ब्रेकना सुमारे ४.२ लाख ज्यूल ऊर्जा शोषावी लागते. म्हणजे केवळ ब्रेकवर उतरल्यास, हवेचा व चाकांचा विरोध बाजूला ठेवता, दर १०० मीटरला असे सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी उष्णता निर्माण होते. ड्रम तापले की पकड घटते. एक टन जादा माल भरल्यास ही उष्णता एक-तृतीयांशाने वाढते, ब्रेकचा आकार मात्र तोच राहतो. उतारापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या विरोधाने वेग रोखणे आणि गाडी न्यूट्रलमध्ये न सोडणे हाच त्यावरील उपाय आहे.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मंजूर वजनापेक्षा अधिक भार वाहिल्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शेतमजूर, वऱ्हाडी वा भाविक यांना हौद्यात बसवून नेणे बेकायदेशीर आहे. हौद्यात आसन, पट्टा वा छप्पर यांपैकी कोणतेही संरक्षण नसते आणि उभी माणसे गुरुत्वमध्य मालापेक्षाही वर नेतात.

हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर असे व्यावसायिक वाहन चालवता येते का, हा प्रश्न अनेक वर्षे वादात होता. अपघातानंतर विमा कंपन्या याच मुद्द्यावर भरपाई नाकारत असल्याने चालक व अपघातग्रस्त कुटुंबे यांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी, ७,५०० किलोग्रॅमपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू वाहने या परवान्यावर चालवता येतात, असा निर्णय दिला.

अमेरिकी पिक-अपशी तुलना

अमेरिकेत ‘पूर्ण आकाराचा पिक-अप’ म्हणजे फोर्ड एफ-१५० सारखे वाहन होय. २०११ च्या आवृत्तीत त्यास दोन टर्बोचार्जर असलेले ३.५ लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन मिळाले. त्याची शक्ती ३६५ अश्वशक्ती, म्हणजे २७२ किलोवॅट, आणि टॉर्क सुमारे ५६९ न्यूटन-मीटर होता. बोलेरोच्या सामान्य इंजिनापेक्षा ही शक्ती पाचपटीहून अधिक आहे. तेथे असे वाहन कुटुंबाची गाडी म्हणूनही वापरले जाते आणि जड ट्रेलर ओढत महामार्गाच्या वेगाने धावणे त्याच्याकडून अपेक्षित असते. सुमारे दोन मीटर रुंदीचे ते वाहन द्राक्षबागेच्या बांधावरून वा गावातील बोळातून नेणे अवघड जाईल. भारवहनाच्या बाबतीत मात्र दोन टनांची बोलेरो एफ-१५० च्या बहुतेक प्रकारांना मागे टाकते.