पैनगंगा : सीमा आणि प्रवाह

नदी ही देशाची स्वाभाविक सीमा होय, असा एक सिद्धांत इतिहासाच्या व भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतून पुष्कळ काळ सांगितला गेला. युरोपातील राजकारणाने तो रूढ केला आणि आपल्याकडील सुशिक्षितांनी तो फारशी चिकित्सा न करता पत्करला. परंतु यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने वाहणाऱ्या पैनगंगेचा इतिहास पाहिला म्हणजे आम्हांस निराळेच दिसते. नदी स्वतः कोणासही विभागीत नाही. तिला सीमा करतो तो दरबारातील तहनामा.

प्रथम नदीची प्रकृती पाहू. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत ती उगम पावते. मेहकरावरून आग्नेयेस वाहत ती पुसद-उमरखेडच्या दक्षिणेस येते, पुढे माहूरच्या डोंगरांना उत्तरेकडून वळसा घालते, आणि सुमारे पाचशे किलोमीटरांची वाटचाल संपवून वर्धा नदीस मिळते. तेथून तिचे पाणी प्राणहितेच्या मार्गे गोदावरीत जाते. आल्प्समधील ऱ्होन नदी हिमनदीतून निघते. म्हणून ऊन जसे चढते तसा तिच्या वरच्या खोऱ्यातील प्रवाह वाढतो. पैनगंगेच्या माथ्यावर हिम नाही. श्रावण-भाद्रपदात सहस्रकुंडाच्या काळ्या कातळावरून गर्जत कोसळणारी ही नदी चैत्र-वैशाखात डोहाडोहांतून जेमतेम तग धरते. मग ग्रीष्मात तिची पुंजी कोणती? खडकांच्या भेगांत मुरलेले आणि रानाच्या पाचोळ्याने अडवून धरलेले पावसाचे पाणी, हीच. ढाणकीपासून फार दूर नसलेल्या बंदी भागातील साग-मोहाचे अरण्य हे या अर्थाने नदीचे ठेवघर आहे. पुढे त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. तथापि ज्या रानाने नदीस जगवावे, त्याच रानातील वस्त्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते, हा विरोधाभास विसरता येत नाही.

आता राज्यव्यवस्थेकडे वळू. अकबराच्या काळी वऱ्हाडचा सुभा मोगलांकडे गेला. त्या सुभ्याच्या सरकारांची जी यादी ‘आइने अकबरी’त दिली आहे, तीत वाशीम आहे, तसेच माहूर व पाथरीही आहेत. म्हणजे पैनगंगेचे दोन्ही काठ त्या वेळी एकाच सुभ्यात नांदत होते. माहूरच्या रेणुकेस जाणाऱ्या वऱ्हाडी यात्रेकरूस नदी ओलांडावी लागे. पण त्याला परमुलुखात गेल्यासारखे वाटण्याचे कारण नव्हते.

हे कारण 1853 साली निर्माण झाले. निजामाच्या कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला, कर्ज वाढले, आणि त्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेला. कापूस पिकविणाऱ्या या काळ्या जमिनीचा मोह राज्यकर्त्यांस नव्हता, असे कोण म्हणेल? तेव्हापासून या मुलुखात पैनगंगा ही नकाशावरील रेघ झाली. 1902 च्या कराराने वऱ्हाडचा हा पट्टा कायमचा ठरला आणि रेघ पक्की झाली. एका काठी ब्रिटिश रुपया, दुसऱ्या काठी हाली सिक्का. इकडे मराठी शाळा, तिकडे उर्दू दफ्तर. आणि मध्ये करोडगिरीचा नाका. भाषा एक, सोयरीक एक, दैवत एक. परंतु राज्ये दोन. 1948 साली निजामाची सत्ता संपली, 1956 साली मराठवाडा व विदर्भ एका राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्र झाला. बऱ्याच भागात रेघ पुसली; तेथे आज ती केवळ जिल्ह्यांची हद्द म्हणून उरली आहे.

पण नदीच्या नशिबी दुसरी विभागणी लिहिलेली होती. हिम नसलेल्या नदीस साठवण हवी, हे तत्त्व निर्विवाद आहे. त्यानुसार इसापूर येथे मोठे मातीचे धरण उभे राहिले व 1982 च्या सुमारास त्यात पाणी अडू लागले. उजवा व डावा असे दोन कालवे दोन्ही तीरांस निघाले. तहनाम्याने तोडलेले काठ पाटबंधाऱ्याने जोडले, असे म्हणावयास हरकत नाही. कालव्याखालच्या शिवारात ऊस उभा राहिला, संसार सावरले. हे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु धरणाच्या खाली उन्हाळ्यात पात्र उघडे पडते. डोह आटले की मासे जातात. मासे गेले की भोयाचे जाळे खुंटीवर राहते. वाळूतील झिरे कोरडे पडतात. मग पात्रात पाणी सोडा, ही मागणी दोन्ही तीरांवरून एकाच स्वराने उठते. जुना भेद उत्तर काठ व दक्षिण काठ यांचा होता. नवा भेद कालव्यावरचा आणि पात्रावरचा यांचा आहे.

या भेदावर तोडगा काय? पाणी थोडे असता ते न्यायाने वाटावे कसे, हे शिकण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. आल्प्सच्या कुशीतील व्हॅले प्रांतात डोंगरकड्यांवरून काढलेल्या पाटांचे पाणी गावकरी मध्ययुगापासून पाळीने घेत आले, हे खरे. पण आमच्या खानदेशातही पांझरेच्या काठी फड पद्धतीने कित्येक शतके हेच घडले. तेथे बंधारा सर्वांचा, पीक ठरवावयाचे ते पंचांनी आणि पाणी द्यावयाचे ते पाटकऱ्याने. ज्याचे शेत पाटाच्या तोंडाशी त्याने आधी पोटभर घ्यावे, ही मुभा तेथे नव्हती.

2016 साली महाराष्ट्र व तेलंगण या राज्यांनी पैनगंगेच्या खालच्या भागातील प्रकल्पांविषयी करार केला. करार होतात तेव्हा राज्यांचा वाटा ठरतो, कालव्यांचा ठरतो. पात्राचा मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते पाण्याच्या पाळीत एक पाळी खुद्द नदीची असली पाहिजे. आणि ती कोणाच्या कृपेने नव्हे, तर हक्काने मिळावी. सीमा म्हणून तिचा उपयोग आपण शंभर वर्षे केला. आता नदी म्हणून तिला वाहू देणे, एवढे तरी आपण तिचे देणे लागतो.