द्विपद वंटन आणि लोकमतातील बदल

दोन सर्वेक्षणांत दिसणारी तफावत लोकमतातील खऱ्या बदलाची आहे की नमुना निवडीतील योगायोगाची, हे ठरवण्यासाठी द्विपद वंटनाचा उपयोग केला जातो. प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा दोनच प्रकारचे असेल आणि उत्तरदाते यादृच्छिक पद्धतीने निवडलेले असतील, तर मोठ्या लोकसंख्येतून घेतलेल्या नमुन्यातील होकारांची संख्या या वंटनाला अनुसरते. याकोब बर्नुली यांच्या १७१३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'आर्स कॉन्जेक्टांडी' या ग्रंथात त्याचे विवेचन आढळते.

पद्धत

होकारांचे प्रमाण 'प' आणि उत्तरदात्यांची संख्या 'न' मानल्यास प्रमाणित त्रुटी √[प(१−प)/न] इतकी असते. मत निम्मे-निम्मे विभागलेले असताना १,००० उत्तरदात्यांसाठी ती सुमारे १.६ टक्के येते. अशा दोन स्वतंत्र सर्वेक्षणांतील फरकाची त्रुटी काढताना दोन्ही त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतात. ते सुमारे २.२ टक्के भरते. फरक याच्या १.९६ पटीहून, म्हणजे सुमारे ४.४ टक्क्यांहून अधिक असल्यास तो ५ टक्के पातळीवर सार्थ मानतात. मत बदललेले नसतानाही इतका फरक केवळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता ५ टक्क्यांहून कमी असते, असा याचा अर्थ होतो.

उदाहरण

अमेरिकेतील गॅलप संस्थेच्या सर्वेक्षणांत खुनाच्या गुन्ह्यासाठी मृत्युदंडाला १९९४ मध्ये ८० टक्के, २०२२ मध्ये ५५ टक्के आणि २०२३ मध्ये ५३ टक्के उत्तरदात्यांनी अनुकूलता दर्शवली. प्रत्येक नमुना सुमारे १,००० जणांचा धरल्यास २०२२ व २०२३ मधील २ टक्क्यांची घट सार्थ ठरत नाही. याउलट १९९४ पासूनची २७ टक्क्यांची घट प्रमाणित त्रुटीच्या १३ पटींहून अधिक असल्याने योगायोगाने तिचा उलगडा होत नाही.

मर्यादा

फरक सार्थ नसणे म्हणजे मत स्थिर असल्याचा पुरावा नव्हे. दरवर्षीची किरकोळ घट एकेकटी सार्थ ठरली नाही, तरी अनेक वर्षांची मिळून ती निर्णायक ठरू शकते. प्रश्नाची शब्दरचना बदलल्यास तुलनाच सदोष होते. नमुना यादृच्छिक नसल्यास त्याचा मोठा आकारही उपयोगी पडत नाही. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने २० लाखांहून अधिक मतपत्रिकांच्या आधारे आल्फ लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले होते. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले.